दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी भरत नसेल तर काय काय तपासायचं

तुमचा प्रश्न वाचला. मला समजलं ते असं. बीएस६ डिझेल फोर बाय फोर आहे, डिकीत फ्रिजसाठी १०० एएचची (अँपिअर-तास, साठवणीचं माप) दुसरी एजीएम बॅटरी (लेड अ‍ॅसिडचाच बंद प्रकार) टाकलीये, जुन्या जीपमधून काढलेला व्हीएसआर (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिले) बॉनेटखाली लावलाय, तिथून मागे ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर नेलीये आणि मागचं मायनस तिथल्या तिथे बॉडीला मारलंय. त्यावर ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. साताऱ्याहून निघून घाट उतरून दिवसभर कोकणात फिरता, आणि तरी रात्री दोन-अडीचला फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो. गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवीन घेतली, तरी तेच, आणि आता अल्टरनेटर बदला म्हणतायत.

अल्टरनेटरला अजून हात लावू नका. अल्टरनेटर खरंच गेला असता तर सगळ्यात आधी पुढची बॅटरी बसली असती, सेल्फ मारताना गाडी कुंथली असती, डॅशवर बॅटरीचा लाल दिवा आला असता. तुमची गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे करंट तयार होतोय, तो मागे पोचत नाहीये. एवढं लक्षात घेतलं की अर्धी शोधाशोध संपते, कारण आता बघायचा आहे तो फक्त पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंतचा रस्ता.

आणि हा रस्ता मीटर लावून बघायचा, तोसुद्धा करंट वाहत असताना. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. बहुतेक ठिकाणी गाडी बंद असते, मीटर लावतात, मागे १२.६ दिसतं, वायर ओके म्हणतात आणि बॅटरी बदलायला सांगतात. लोड नसताना सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. नळाच्या तोंडावर अंगठा ठेवला तर प्रेशर जोरात लागतं, बादली लावली की धार बारीक, तसंच आहे हे. त्यामुळे यापुढे जी जी रीडिंग सांगतो ती इंजिन चालू आणि मागची बॅटरी थोडी उतरलेली असतानाच घ्या. आदल्या संध्याकाळी फ्रिज चालवून बॅटरी १२.२ च्या आसपास आणा, म्हणजे ती करंट ओढेल आणि खोट उघडी पडेल.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक क्लॅम्प मीटर, ज्याला आपल्याकडे इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टर म्हणतात. पण हां, इथे एक गोची आहे. घरगुती वायरिंगवाल्याकडचा टाँग टेस्टर बहुतेक फक्त एसी करंट मोजतो, तो तुमच्या वायरला लावला तर २५ अँपिअर वाहत असतानाही शून्यच दाखवणार, आणि मग चार्जिंग शून्य आहे असा निष्कर्ष काढून लोक भलतंच काहीतरी उघडत बसतात. डीसी अँपिअर मोजणाराच घ्या, थोडा महाग असतो, पण असं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर तो हवाच.

आता क्रमाने बघू. आधी दोन्ही बॅटऱ्यांची मूळ हालत, एवढं एकच रीडिंग गाडी बंद असताना घ्यायचं. रात्रभर गाडी बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, सकाळी दोन्हीकडे व्होल्टेज घ्या. साधी लेड अ‍ॅसिड असो की एजीएम, १२.७ म्हणजे साधारण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणएक, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या खाली म्हणजे तिचे हाल चाललेत. गाडी बंद केल्या केल्या मीटर लावू नका, तेव्हा १३ दिसतं आणि बॅटरी भरली असं वाटतं, तो नुसता वरवरचा चार्ज असतो, दोनतीन तासांत उतरतो. पुढची १२.६ आणि मागची १२.१ असं आलं तर आपण योग्य दिशेला आहोत.

मग गाडी सुरू करा आणि पुढच्या बॅटरीवर मीटर लावून ठेवा. सुरुवातीला १४.२, १४.४ असं काहीतरी दिसेल आणि व्हीएसआर टक् करून जोडला जाईल. गॅरेजमध्ये इथपर्यंतच बघतात आणि चार्जिंग होतंय म्हणून बॉनेट लावतात. तुम्ही तसं करू नका, गाडी रस्त्यावर काढा, वीसपंचवीस मिनिटं चालवा, शेजारी बसलेल्याला रीडिंग बघायला सांगा. सिगारेट लायटरमध्ये घुसवायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो तोही चालेल, दोनचार पॉइंट इकडे तिकडे दाखवेल पण व्होल्टेज वर जातंय की खाली ते कळतं. माझा अंदाज आहे की पुढची बॅटरी भरल्यावर, एकसारख्या वेगात, तुम्हाला १२.५-१२.६ दिसायला लागेल, आणि उतारावर पाय उचलला की तेच व्होल्टेज १४.५ च्या वर उडी मारेल. हा बिघाड नाहीये. याला स्मार्ट अल्टरनेटर म्हणतात. एप्रिल २०२० ला बीएस६ लागू झालं, त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत इसीयूच (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो की अल्टरनेटरने किती व्होल्ट द्यायचे. पुढची बॅटरी भरलीये म्हटल्यावर तो अल्टरनेटर जवळपास झोपवतो, म्हणजे इंजिनावरचा बोजा कमी, डिझेल वाचतं, आणि ब्रेकिंगच्या, उताराच्या वेळी फुकटात वीज बनवून घेतो.

आता तुमच्या व्हीएसआरचं बघा. तो बिचारा साधा रिले आहे, व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. जुन्या जीपमध्ये अल्टरनेटर कायम १४ च्या वर असायचा, त्यामुळे तिथे हाच रिले वर्षानुवर्षं छान चालला. तुमच्या आत्ताच्या गाडीत मात्र तासभर सपाट रस्त्यावर चाललात तर त्यातला बराचसा वेळ रिले तुटलेला असतो, मागची बॅटरी एकटी, आणि फ्रिज तिच्यावरच चालू. म्हणजे गाडी चालत असतानासुद्धा ती उतरतेय. घाट उतरताना थोडा चार्ज मिळतो तेवढाच. त्यामुळे रिले खराब आहे म्हणून नवा तसाच रिले आणलात तर काहीही फरक पडणार नाही, तो त्याचं काम बरोबरच करतोय. काही जण हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवून व्होल्टेज वर ठेवायचा प्रयत्न करतात, काही गाड्यांत जमतंही, पण तो काही इलाज झाला नाही.

इलाज म्हणजे डीसी टू डीसी चार्जर. पुढून १२.३ येवो की १५, तो आतमध्ये व्होल्टेज वाढवून किंवा कमी करून मागच्या बॅटरीला तिला लागतं तेच देतो, एजीएमला साधारण १४.४ ते १४.७, आणि टप्प्याटप्प्याने. १०० एएचसाठी २५ अँपिअरचा पुरेसा आहे. पण थांबा, लगेच ऑर्डर करू नका, कारण तुमच्या सध्याच्या वायरिंगवर तो लावलात तर महिनाभराने तुम्ही चार्जर खराब निघाला म्हणून परत विचारायला याल. हा भाग जरा सविस्तर सांगतो.

६ स्क्वेअर तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ३.१ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत, वळणं धरून, ५ मीटर वायर धरा, म्हणजे १५ मिलिओहमच्या वर. ३० अँपिअर वाहिला की जवळपास अर्धा व्होल्ट एकट्या प्लसच्या वायरमध्ये गेला, त्यात फ्यूज, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), बॉडी अर्थ यांचं वेगळं. साध्या व्हीएसआरवर हे एक वेळ चालून जातं, कारण बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, करंट कमी झाला की वायरमधला लॉसही कमी होतो, म्हणजे चार्जिंग हळू होतं पण होतं. डीसी टू डीसीचं उलटं आहे. त्याला बाहेर २५ अँपिअर १४.४ ला द्यायचे म्हणजे ३६० वॉट झाले, त्यात स्वतःचा लॉस धरून तो ४०० वॉट आत ओढणार. पुढे १२.५ असेल तर ३२ अँपिअर. वायरमध्ये व्होल्टेज पडलं की तो तेवढेच वॉट मिळवायला आणखी करंट ओढतो, मग आणखी व्होल्टेज पडतं, शेवटी त्याचा लो व्होल्टेज कट लागतो आणि तो बंद होतो. बंद झाला की लोड गेला, व्होल्टेज परत वर, परत चालू. चार्जरचा दिवा असा दर थोड्या वेळाने चालू बंद होताना दिसला तर समजायचं की चार्जर चांगला आहे, त्याचा घास अडकतोय तो इनपुटच्या वायरमध्ये. म्हणून १६ स्क्वेअर घाला, तिचा मीटरमागे १.१५ मिलिओहम, आणि जमलं तर मायनसलाही तीच वायर पुढपर्यंत न्या. फ्यूजसुद्धा बाहेरचे २५ बघून नाही, आतले ३२ बघून निवडायचा, नाहीतर ३० चा फ्यूज लावतात आणि तो तापून तापून कधीतरी उडतो आणि कारण कळत नाही. ४० चा लावा, नाहीतर चार्जरच्या पुस्तकात जो दिलाय तो.

वायर घेताना एक गोष्ट नक्की बघा. बाजारात कार ऑडिओच्या किटमध्ये जाडजूड लाल वायर मिळते, ती वरून तांबं आणि आतून अॅल्युमिनियम असते. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ती तीच. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वर ती थिंबलमध्ये नीट दाबली जात नाही, आणि खारी हवा लागली की आतून पावडर होते. शंका आली तर दुकानातच तुकडा कापून खरवडून बघा. हो, काही तांब्याच्या वायरच्या तारांना कथलाचा मुलामा असतो, त्या वरून पांढऱ्या दिसतात पण खरवडल्यावर आत लाल निघतात, त्या उत्तम.

आता जोड तपासायची पद्धत. मीटर मिलिव्होल्टवर, गाडी चालू, रिले जोडलेला, क्लॅम्प मीटरवर १५-२० अँपिअर मागे जाताना दिसतायत अशा वेळी एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा आणि दुसरा त्या पोस्टवरच्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळे रीडिंग जवळपास शून्य हवं. मग क्लॅम्प ते थिंबल, मग थिंबल ते वायर, मग फ्यूजच्या दोन बाजू, रिलेचे दोन नट, असं करत मागच्या पोस्टपर्यंत या. चांगल्या जोडावर दहावीस मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसत नाही. कुठे दोनशे-तीनशे दिसले की तिथेच थांबा, हात लावून बघा, तो जोड कोमट लागेल. मग मायनसचंही तसंच: मागची मायनस पोस्ट ते पुढची मायनस पोस्ट, एक लांब वायर जोडून. लोक प्लस दहा वेळा तपासतात आणि मायनसकडे बघतही नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा खोट मायनसच्या बाजूला सापडते.

एक उदाहरण देतो. एका गाडीचं मागचं थिंबल बाहेरून अगदी सुंदर होतं, लाल हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), नट घट्ट, लोड नसताना व्होल्टेज पूर्ण. २० अँपिअरला त्या एका जोडावर पाऊण व्होल्ट पडत होता. श्रिंक कापला तर आतून हिरवी पूड सांडली, थिंबल पक्कडीने दाबून बसवलेलं, निम्म्या तारा आतपर्यंत गेल्याच नव्हत्या आणि उरलेल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या. हाताने ओढलं तर वायर निघून आली. त्या गाडीच्या दोन बॅटऱ्या त्याआधी बदलून झाल्या होत्या. म्हणून थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या, महावितरणची किंवा पॅनेलची कामं करणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे असतो, तो पाच मिनिटांत करून देतो. हातोडीने ठोकून किंवा नुसतं सोल्डर ओतून नाही, सोल्डरजवळ वायर कडक होते आणि ऑफरोडच्या हादऱ्यात तिथेच तुटते. वरून आतल्या बाजूला गोंद असलेला हीट श्रिंक.

तुमचा बॉडी अर्थ बघायलाच हवा. तुमच्या गाडीसारख्या लॅडर फ्रेमच्या गाड्यांत बॉडी चासीवर रबराच्या बुशांवर बसलेली असते, रबरातून करंट जात नाही, बॉडी आणि चासी यांना जोडणारी एकदोन अर्थ पट्टी असते तेवढाच रस्ता. ती पट्टी कंपनीने लाइट, रेडिओ यांच्या हिशोबाने दिलेली असते, ३० अँपिअर सलग वाहायला नाही, आणि चिखलपाण्यात ती गंजते. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ मारला असेल तर तो आधी काढा, तो सुरक्षेचा बोल्ट आहे, शिवाय त्याखाली रंग असतो. अर्थ घ्यायची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर लावा, आवळल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन, आवळायच्या आधी नाही. पण १६ स्क्वेअरची मायनस पुढपर्यंत नेलीत तर ही सगळी भानगडच राहत नाही.

पुढे ती जोडताना मात्र जपून. स्मार्ट अल्टरनेटरवाल्या गाडीत पुढच्या मायनस पोस्टवर एक छोटा सेन्सर असतो, क्लॅम्पमध्येच बसवलेला, त्याला पातळ वायरचा कनेक्टर. बॅटरीतून किती करंट आला-गेला ते तो मोजतो आणि इसीयूला सांगतो. तुमची मायनस थेट पोस्टवर लावली तर तुमचा करंट सेन्सरला वळसा घालून जातो, इसीयूचा हिशोब चुकतो. म्हणून ती सेन्सरच्या पलीकडे, जिथे कंपनीची अर्थ केबल चासीला बोल्ट केलीये तिथे लावा. प्लस थेट पुढच्या बॅटरीवरून घ्या, कंपनीचं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कुठेही कापू नका, वॉरंटीचा वाद नको. आणि फ्यूज दोन्ही टोकांना हवा, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात, कारण वायरच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, मध्ये कुठे वायर घासून बॉडीला लागली तर दोन्हीकडून आग लागण्याइतका करंट येतो. वायर डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, खूप तापतो) आणि सायलेन्सरपासून लांब, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, वरून कोरुगेटेड पाइप. काम सुरू करायच्या आधी दोन्हीकडचं मायनस काढा, हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

चार्जर लावल्यावर दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. एक म्हणजे इग्निशनची ट्रिगर वायर. स्मार्ट अल्टरनेटर मोडमध्ये चार्जरला गाडी चालू आहे हे व्होल्टेजवरून कळत नाही, म्हणून चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट द्यावा लागतो. तो चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या फ्यूजवरून घेतला तर चार्जर रात्रभर पुढची बॅटरी मागे ओतत बसतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. सेल्फ मारताना क्षणभर बंद पडणाऱ्या लाइनवरून घेतला तर एक वेळ चालेल, चार्जर क्षणभर बंद होऊन परत सुरू होतो. दुसरी गोष्ट उष्णता. चार्जर रेडिएटरच्या मागे, इंजिनशेजारी बसवला की तो तापून स्वतःच करंट कमी करतो, आणि मग उन्हाळ्यात २५ चे १२-१५ दिसतात. केबिनमध्ये, मागच्या बॅटरीजवळच बसवा, चार बाजूंनी हवा लागेल असा. बॅटरीच्या जवळ बसवल्याचा फायदा असा की आउटपुटची वायर छोटी राहते आणि बॅटरीपर्यंत बरोब्बर व्होल्टेज पोचतं.

फ्रिजच्या बाजूचंही एकदा बघून घ्या, कारण रात्री दोनला बंद पडण्यात त्याचाही हात असू शकतो. मागच्या लायटर सॉकेटवरून चालवत असाल तर कॉम्प्रेसर चालू होताना फ्रिजच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.३ आणि प्लगला ११.५ असं आलं तर फ्रिज बॅटरी संपली समजून बंद होतो, बॅटरीत निम्मा माल शिल्लक असतो. लायटर सॉकेट हादऱ्यात सैल होतो, प्लग गरम लागतो, त्याऐवजी ४ स्क्वेअरची वेगळी वायर आणि अँडरसन कनेक्टर (जास्त करंटचा घट्ट बसणारा प्लग) लावा. फ्रिजवर बॅटरी प्रोटेक्शन हायवर असेल तर मीडियमवर आणा, हाय हे गाडीच्या सेल्फच्या बॅटरीसाठी असतं. मे महिन्यात किनाऱ्यावर असा फ्रिज दिवसाला ३०-४० एएच खातो, म्हणजे संध्याकाळी भरलेली १०० एएच पहाटेपर्यंत आरामात पुरायला हवी.

वेळेचा हिशोबही मनात असू द्या. निम्मी उतरलेली एजीएम २५ अँपिअरने दीडएक तासात ऐंशी टक्क्यांच्या जवळ येते, पण शेवटचा वीस टक्के ती स्वतःच हळू घेते, पाचसहा तास लागतात, चार्जर कितीही मोठा लावा. रोज गावातल्या गावात वीस मिनिटं गाडी फिरवून ती कधीच पूर्ण भरणार नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की सल्फेट धरते (प्लेटांवर थर बसतो, क्षमता कमी होते). घरी असताना पंधरा दिवसातून एकदा मेन्सवरच्या एजीएम चार्जरने रात्रभर भरून ठेवा.

लिथियम घ्यायचा विचार लिहिला होता म्हणून थोडक्यात. व्हीएसआरवर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी) अजिबात लावू नका. ती १३.२ वर बराच वेळ उभी राहते, रिलेला वाटतं गाडी चालूच आहे, तो तुटतच नाही, आणि उतरलेली असली की एवढा करंट ओढते की आयडलवर अल्टरनेटर तापतो. बॉनेटखाली ठेवू नका. आणि स्पिती-लडाखला थंडीत गेलात तर शून्याच्या खाली तिचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग बंद ठेवतं, तो बिघाड नाही, बॅटरी केबिनमध्ये गरम झाली की आपोआप सुरू होतं. तुमची एजीएम नवीन आहे, ती आधी नीट वापरा.

तर आता रविवारी एवढं करा आणि आकडे लिहून पाठवा: रात्रभर थांबून दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज, पंचवीस मिनिटं चालवल्यावर एकसारख्या वेगातलं पुढचं आणि मागचं, आणि रिले जोडलेला असताना मागची मायनस पोस्ट ते पुढची मायनस पोस्ट किती मिलिव्होल्ट, त्या वेळी क्लॅम्पवर किती अँपिअर. मागची बॅटरी कोणत्या फ्यूजवर आहे त्याचा फोटोही टाका, त्यावरून १६ स्क्वेअर कुठून कशी न्यायची ते सांगतो.